तळ्यावर आज कोण आलं?

२८ सप्टेंबर

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस. पत्र उचलावंच लागतं, नाहीतर दारात पायाखाली येतं. म्हणून हा उपद्व्याप.

बातमी अशी की आई पडली. घाबरू नकोस. म्हणजे थोडी घाबर, मी एकटीनेच का घाबरायचं? तळ्याच्या बांधावर शेवाळावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. दुर्बीण मात्र छातीशी घट्ट धरलेली, तिला साधा ओरखडा नाही. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. पण डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. यापुढे चालणं पलंगापासून खुर्चीपर्यंत, तेही कुणाच्या तरी खांद्यावर. "बांध आता विसरा," असं त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं, तेव्हा तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे औषधांच्या चिठ्ठीत तोंड खुपसून बसले.

तुला वेगळं काय सांगायचं? पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ती लागली तेव्हापासून फिल्टर प्लांटमागचं ते तळं म्हणजे तिचं तिसरं अपत्य, आणि तिघांत लाडकं. रिटायर झाल्यावरही गेटचा पास तिच्याकडेच होता. तो आता माझ्या गळ्यात पडलाय. "थोरले, रोज सकाळी जायचं, बघायचं आणि येऊन मला सांगायचं." कुणाला म्हणतेय? मला! कावळा आणि कोकीळ दोघेही काळे, एवढंच माझं ज्ञान.

जाते. म्हणजे गेटपर्यंत तरी जाते. गेटसमोर चहाची टपरी आहे. तिथून तळं दिसतं असं म्हणायला हरकत नाही. परत आले की आई विचारते, "तळ्यावर आज कोण आलं?" जसे काही घरी पाहुणे आलेत. मी सांगते, दोन बगळे, एक खंड्या, टिटवी. बगळे काय, कुठेही असतात. तिचं समाधान होतं आणि मी मागच्या खोलीत जाऊन माझ्या कामाला लागते. हो, अजून कवळ्याच करते. दंतवैद्य मापं पाठवतात, मी मेणात दात लावत बसते.

आई तुझं नाव काढत नाही, तू तिचं काढत नाहीस. बाबा गेले त्या सकाळी ती तळ्यावर होती, हे खरंच होतं. पण भरल्या घरात, सगळ्यांसमोर तू ते बोललीस, आणि ती म्हणाली, "हिचं तोंड मला दाखवू नका." चार वर्षं झाली त्याला. दोघींच्या मध्ये मी. आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

ताई

९ नोव्हेंबर

न्यायाधीशबाई,

तुझं कार्ड मिळालं. सगळ्या कार्डावर मिळून दोन ओळी. "काळजी घे. पक्ष्यांबद्दल लिहू नकोस." बरं बाई. पक्ष्यांबद्दल लिहीत नाही. पण मग या घरात लिहिण्यासारखं दुसरं काय उरतं ते तूच सांग!

आईची चौकशी वाढलीये. नुसतं "बदकं होती" म्हणून भागत नाही. किती? कुठल्या बाजूला? पोहत होती की काठावर? पंख झटकत होती का? मी कपाटातून तिचं पक्ष्यांचं पुस्तक काढलं आणि टपरीवर न्यायला लागले. चहाबरोबर वाचायचं, घरी येऊन पाजळायचं. कसली हुशार झालेय म्हणून सांगू! धोबी पक्षी आला सांगितलं तर ती म्हणाली, "आला का शेपटी हलवत? थंडी सुरू झाली म्हणायची." गालांवर रंग आला तिच्या. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही छान सांभाळताय. मी म्हटलं, प्रयत्न असतो.

मध्ये एकदा कंटाळून मी एका बदकाला लंगडं केलं. झालं! आठवडाभर दुसरा विषय नाही. खातंय का, बाकीची टोचत नाहीत ना, कुत्री बांधावर येऊ देऊ नकोस म्हणून वॉचमनला सांग. शेवटी मलाच त्याचा पाय बरा करावा लागला, नाहीतर ती जेवेना.

तू म्हणशील, हे खोटं आहे. आहे ना. खोटे दात करण्यात माझी हयात गेली, लोक त्यांनी जेवतातच की. तोंड वाकडं करू नकोस.

पण एक सांगते, जिवाला स्वस्थता नाही. टपरीवर बसवत नाही, घरात बसवत नाही. काल समोरचे दोन दात उलटसुलट लावले आणि तसेच पाठवून दिले. दंतवैद्यांचा फोन आला तेव्हा कळलं.

ताई

४ जानेवारी

धाकटे,

हे पत्र वाच आणि फाडून टाक.

गेल्या आठवड्यात आईने जेवण सोडलं. गोळ्या घेईना. डोळे मिटून म्हणाली, "आता पुरे, थोरले." राग नाही, रड नाही, गाडीतून उतरताना म्हणावं तसं. मी तिच्या पायाशी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "आई, आज तळ्यावर एक नवीनच पक्षी होता. एवढासा, करडा-पांढरा. पाण्यावर बसून स्वतःभोवती गरगर गरगर फिरत होता."

आदल्या दिवशी पुस्तकात वाचलेलं. पाणी घुसळून खालचे किडे वर आणतो म्हणे आणि टिपतो. मला गंमत वाटली म्हणून लक्षात राहिला, एवढंच.

आई उठून बसली. एकटी. माझा खांदा न धरता.

"भोवरा?" म्हणाली. तिच्या पक्षी मंडळातले लोक त्याला भोवरा म्हणतात. "थोरले, तू भोवरा पाहिलास?" दूर समुद्रावर हिवाळा काढणारा पक्षी. आपल्यासारख्या तळ्यावर चुकूनमाकून, येता-जाता उतरला तर उतरला. आईने तळ्यावर सगळी हयात घालवली, त्याची वाट बघत. मला काय माहीत! घरात राहून मला हे माहीत नव्हतं, याचं मलाच नवल वाटलं.

तिने जेवायला मागितलं. ताट चाटूनपुसून साफ केलं. मी भांडी घासायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर ही फोनवर. पक्षी मंडळाच्या सेक्रेटरींना सांगत होती, "हो, माझ्या तळ्यावर. माझ्या मुलीने पाहिला. शंकाच नाही."

तुला हे लोक माहीत नाहीत. आईने पक्षी होता म्हटलं की होता, तिच्या शब्दावर लोक गाड्या काढतात. रविवारी सगळे येतायत. मी काय करू? मला सुचत नाहीये.

ताई

१२ जानेवारी

धाकटे,

आले. गावोगावचे आले. फिल्टर प्लांटच्या गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. तोफांसारख्या दुर्बिणी तिकाट्यांवर चढवून बांधावर रांग लागली. एक जण म्हणे सासऱ्याच्या ऑपरेशनला दांडी मारून आलेला. वॉचमन शिट्ट्या फुंकून दमला. दिवसभर त्यांनी पाण्याचा थेंब न् थेंब बघितला. मी मध्ये उभी. मनात म्हणत होते, बाबा रे, कुठूनतरी ये आणि फिर एकदाचा. पहिल्यांदाच मी बांधावर चढले होते, आणि कुणी विचारलं तर कुठे काय पाहिलं ते दाखवायचं होतं!

संध्याकाळी सेक्रेटरी आणि दोघं-तिघं आईला भेटायला घरी आले. मी चहा ठेवला. भला माणूस आहे, आवाजसुद्धा चढवत नाही. म्हणाला, "मिळेल, कधीतरी मिळेल. ताई, तुम्ही पाहिलात तेव्हा शेवटी तो गेला कुठे?"

मी म्हटलं, "उडाला आणि झाडावर जाऊन बसला."

कपबशीचा आवाज थांबला. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. तो पक्षी झाडावर बसत नाही, धाकटे. जन्मात बसत नाही. पायच तसे नसतात. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांत आधी आईला. सेक्रेटरी म्हणाला, "असेल, असेल, दुसरा एखादा असेल," आणि त्याने चहा उरकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

ते गेल्यावर आई म्हणाली, "धोबी?"

मी मान हलवली, नाही.

"लंगडं बदक?"

मी पुन्हा मान हलवली. तिने तोंड भिंतीकडे केलं. मी पाय धरले, म्हटलं, तू जेवत नव्हतीस गं, मी काय करणार होते? दुसऱ्या दिवशी फोन मागून घेतला आणि सेक्रेटरींना सांगितलं, "नोंद मागे घेते. चूक माझी आहे." माझी म्हणाली. माझं नावही काढलं नाही. इतक्या वर्षांत तिची एक नोंद खोटी निघाली नव्हती.

तू असतीस तर म्हणाली असतीस, तरी सांगत होते. म्हण. पण इथे येऊन म्हण.

ताई

२० फेब्रुवारी

धाकटे,

आई आता विचारत नाही.

जेवते, गोळ्या घेते, अंग पुसताना हात वर करते. सगळं मुकाट्याने. भांडली असती तर बरं. सकाळी मी पायात चपला घालते, तिला आवाज ऐकू जातो, ती डोळे मिटून पडून राहते. तिच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि एक पाइप. माझ्या थापांमुळे निदान त्या भिंतीपलीकडे काहीतरी होतं. आता भिंत ती भिंत.

मी मात्र जाते. कुणासाठी ते विचारू नकोस. पहिल्या दिवशी संतापाने गेले, त्या तळ्याला शिव्या घालायला. आईची दुर्बीण गळ्यात. बांधावर बसले आणि समोर पाणकणसातून टिबुकली निघाली. बदकाचं बटू म्हण ना. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बुडाली ती पार पलीकडे वर आली. मी मोठ्याने म्हटलं, "अगं ए!" हे काही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मग रोजच जायला लागले. खंड्या खरंच असतो, आणि त्याची बसायची जागा ठरलेली असते. खांबावरची. दुसरं कुणी बसलं की असा कटकट करतो, तुझाच भाऊ शोभेल.

घरी येऊन आईला सांगते. ती म्हणते, "हं." किंवा, "पाणी दे." परवा मी हट्टाने सांगत राहिले तर म्हणाली, "थोरले, आता कशाला? मी जेवतेय ना."

खोटं बोलत होते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. आता खरं सांगते तर पाणी दे. लांडगा आला रे आला, दुसरं काय.

ताई

१९ एप्रिल

धाकटे,

तो आलाय.

हसू नकोस. शपथ घालू का? माझ्या शपथेला आता कोण विचारतं म्हणा. आज सकाळी, उथळ पाण्यात, बांधापासून दगड टाकला तर पोचेल इतक्या अंतरावर. एवढासा. पुस्तकातलं चित्र हिवाळ्यातलं आहे, करडं. याच्या मानेवर तांबडा पट्टा, गळा पांढरा. आणि फिरत होता गं! स्वतःभोवती, थांबायचं नाव नाही, मध्येच चोच मारायची की पुन्हा गरगर. मी बांधावर एकटीच हसत होते आणि नाकडोळे वाहत होते. वॉचमनला ओढत आणलं. म्हणाला, "हो बाई, तुम्ही म्हणता तर तोच असेल." फोनवर फोटो काढला तर पाण्यावर भाताचं शीत पडल्यासारखं दिसतं, बस्स.

या वयात मी पळत घरी आले. "आई, भोवरा आलाय. खरा. चल, तुला खुर्चीत बसवून नेते. प्लांटच्या गेटपर्यंत रिक्षा जाते, पुढे वॉचमन आणि मी उचलतो."

आई छताकडे बघत होती. म्हणाली, "पुस्तक कपाटात ठेव परत."

मी पुस्तक तिच्यासमोर आपटलं. "यात तांबडी मान नाहीच आहे, बघ!" तिने बघितलं नाही. म्हणाली, "मला उचलून नेशील, आणि तिथे पाणी असेल. मग तू म्हणशील, आत्ताच उडाला. माझ्याच्याने नाही व्हायचं ते, थोरले."

ती रागावून बोलली नाही. तिला भीती वाटत होती. मला तेव्हा कळलं मी तिचं काय केलंय ते.

सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, "दुसऱ्या कुणी पाहिला का?" मग म्हणाले, "रविवारी बघू, जमलं तर." रविवारपर्यंत तो काय माझ्यासाठी बसणार आहे? वाटेत उतरलेला पाहुणा आहे. उत्तरेकडे निघालाय, अंडी घालायला.

ताई

२१ एप्रिल

धाकटे,

हे कुरिअरने पाठवतेय. मिळाल्या मिळाल्या वाच.

तो अजून आहे. सकाळ-संध्याकाळ बघून येते. आणि रोज आईपुढे उभी राहून सांगते, अगदी शाळेत कविता म्हणावी तसं. काल मी ओरडलेच, "मग कुणी सांगितलं तर मानशील?"

आई म्हणाली, "धाकटीला बोलाव."

मला वाटलं, भ्रम झाला. म्हटलं, "कोणाला?"

"धाकटीला. तिने पाहिला तर मानीन. जाईन मग खुर्चीत बसून."

"तिला बगळा तरी ओळखता येतो का? आणि तिचं तर तोंड बघायचं नव्हतं तुला!"

"तिला ओळखायची गरज नाही. गरगर फिरतोय का नाही, एवढं सांगायचं. ती खोटं बोलत नाही." आणि मग, "तेव्हाही बोलली नव्हती."

तुला खरं सांगू? माझ्या अंगाची आग झाली. सात-आठ महिने हिचं गूमूत मी काढतेय, हिच्या औषधांच्या वेळा मी सांभाळतेय, आणि विश्वास कुणावर, तर पाठ फिरवून गेली तिच्यावर! मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि मेणाचा अख्खा साचा चुरगाळून टाकला. कुणाच्या तरी वरच्या जबड्याचा होता, त्या गृहस्थांना आता आणखी आठवडाभर पेज प्यायला लागणार. रडले, नाक पुसलं, आणि हे लिहायला बसले.

तिला तो पक्षी बघायचाय, धाकटे. जन्मभर बघायचा होता. रिक्षाने दहा मिनिटांवर आहे आणि माझ्या जिभेपायी ती जात नाही. डॉक्टर काल मला बाहेर घेऊन म्हणाले, पुढचा हिवाळा धरून चालू नका. मिळेल त्या गाडीने निघ.

ताई

२४ एप्रिल

धाकटे,

पक्षी गेला.

काल संध्याकाळी होता. आज सकाळी नाही. सगळा बांध फिरले, पलीकडच्या बाजूला गुडघाभर चिखलात उतरले, पाणकणसं चाळली. टिबुकली, टिटवी, खंड्या, सगळे आपापल्या जागी. तो नाही.

घरी येताना पायात गोळे आले होते. मनात आलं, आईला सांगू, आहे अजून. तू येईपर्यंत रोज सांगू, आहे आहे. म्हणजे ती तुझी वाट बघत राहील, जेवत राहील. तू आलीस की मग बघू. करता आलं असतं. सराव दांडगा आहे मला.

दारातच तिने विचारलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा, स्वतःहून. "आहे?"

मी म्हटलं, "नाही. गेला."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझे पाय चिखलाने भरलेले, फरशीवर ठसे उमटलेले. मी ओरडा खायच्या तयारीने उभी होते.

"गेला?"

"गेला, आई. काल होता, आज नाही. सगळीकडे बघितलं."

"म्हणजे होता," आई म्हणाली.

मला काही कळेना. ती म्हणाली, "तुझा एकही पक्षी कधी गेला नाही, थोरले. तू सांगितलेली बदकं, धोबी, सगळे रोज हजर. विचारलं की आहेच. हा गेला." आणि तिने खिडकीतल्या भिंतीकडे बोट केलं. "होता गं. पाच दिवस इथे होता आणि मी भिंत बघत पडले."

ती रडली. बाबा गेले तेव्हाही रडली नव्हती, तशी रडली. मी तिला धरून बसले, मीही रडले, चिखलाच्या पायांनी तिच्या पलंगावर. मग तिने डोळे पुसले आणि सगळं विचारलं. कुठल्या बाजूने फिरत होता, डावीकडून की उजवीकडून? मान किती तांबडी? गडद होती म्हटल्यावर म्हणाली, "मादी असणार. यांच्यात मादीच देखणी." पाणी किती खोल? आवाज केला का? जे पाहिलं होतं ते सांगितलं. दोन-तीन गोष्टी आठवत नव्हत्या, तिथे आठवत नाही म्हटलं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि तिचं बोट पांघरुणावर गोल गोल फिरत होतं.

दुपारी म्हणाली, "धाकटीला कळव. पक्षी गेलाय. उगाच त्याच्यासाठी म्हणून निघायची."

मी विचारलं, "मग येऊ नकोस म्हणून कळवू?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

हे तिचे शब्द, जसेच्या तसे. यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. ये.

ताई